नाशिकहून आकाशाचे फोटो: एका पाठपिशवीतलं सामान आणि पहिली रात्र

आकाशाचे फोटो काढायचे म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "दुर्बीण कितीला पडेल?" नवख्यांना माझं एकच सांगणं असतं: पहिलं वर्षभर दुर्बीण घेऊ नका. आधी आकाशाच्या गतीने कॅमेरा फिरवणारा ट्रॅकर घ्या आणि तो ध्रुवाकडे नीट रोखायला शिका. ते एकदा हाताला बसलं की साध्या लेन्सनेसुद्धा मृगातला तेजोमेघ गुलाबी उमटतो. ते नसेल तर महागातली दुर्बीणही ताऱ्यांच्या रेघाच काढते.

पृथ्वी फिरते म्हणून आकाश दर सेकंदाला १५ विकला सरकतं. ६० विकलांची एक कला, ६० कलांचा एक अंश. पौर्णिमेचा चंद्र साधारण ३० कला रुंद. क्रॉप सेन्सरच्या, म्हणजे लहान सेन्सरच्या, डीएसएलआरला १३५ मिलिमीटरची लेन्स लावली, तर एका पिक्सेलमध्ये साडेसहा विकलांच्या आसपास आकाश मावतं. म्हणजे अर्धा सेकंद होण्याआधीच तारा शेजारच्या पिक्सेलवर गेलेला असतो. नुसत्या ट्रायपॉडसाठी एक जुना ठोकताळा आहे: अशा सेन्सरला ५०० ला फोकल लेंग्थच्या दीडपटीने भागायचं, येईल तितके सेकंद तारा रेघ न होता मिळतात. ५० मिलिमीटरच्या लेन्सला त्यातून साडेसहा सेकंद मिळतात, आणि हा हिशेबही सैलच आहे. तेजोमेघाला मात्र एकेका मिनिटाच्या साठ-सत्तर फ्रेम लागतात. तिथे ट्रॅकरला पर्याय नाही.

सामान किती घ्यायचं?

माझी कसोटी अशी: गाडी लावली, तिथून जागेपर्यंत सगळं एकाच खेपेत नेता आलं पाहिजे. अंधारात दुसरी खेप मारायची म्हणजे अर्धं सामान मागे एकटं पडतं, किंवा सोबतीण तरी.

जुना, वापरलेला क्रॉप सेन्सर डीएसएलआर चालतो. घरात ५० मिलिमीटर एफ १.८ ची लेन्स असेल तर सुरुवात तिनेच करा. पुढे १३५ मिलिमीटरची हाताने फोकस करायची लेन्स घ्या. ट्रॅकर म्हणून स्काय-वॉचरच्या स्टार अ‍ॅडव्हेंचररसारखं यंत्र पुरेसं होतं. त्याच्यावर पाच किलोपर्यंत भार चालतो असं कंपनी सांगते; फोटोसाठी मी तीन किलोच्या वर जात नाही. ट्रायपॉडवर मात्र काटकसर नको. लग्नसमारंभाच्या व्हिडिओवाल्यांकडे असतो तसा जाडजूड घ्या आणि त्याची मधली दांडी कधीही वर काढू नका. याशिवाय इंटर्व्हॅलोमीटर (ठरावीक वेळाने आपोआप फोटो घेणारा रिमोट), दोन बॅटऱ्या, पॉवर बँक, लेन्सभोवती गुंडाळायची यूएसबी हीटर पट्टी आणि लाल उजेडाचा हेडलॅम्प. हेडलॅम्प नसेल तर टॉर्चवर लाल जिलेटिन कागदाचे दोन पदर चढवा. पांढरा उजेड एकदा डोळ्यांत गेला की अंधाराला सरावायला पुन्हा वीस-पंचवीस मिनिटं जातात.

आणि तीन फरशीचे तुकडे. हे कुठल्याच यादीत सापडणार नाहीत, पण आपल्याकडच्या काळ्या मातीत ट्रायपॉडचे पाय रात्रभर हळूहळू रुततात. दिवाळीच्या सुमारास रान अजून ओलं असतं, तेव्हा तर नक्कीच. पाय पाव इंच खचला तरी ध्रुवाची जुळणी गेली. पायांखाली फरशी टाका किंवा सरळ कातळावर उभे राहा.

तारीख आणि जागा

पावसाळ्यात हा उद्योग बंद. ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत इगतपुरी-त्र्यंबकच्या बाजूला ढग रेंगाळतात. येवला, नांदगाव, चांदवडकडचं आकाश त्यामानाने लवकर मोकळं होतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे सोन्यासारखे महिने. मार्चनंतर धूळ वाढते, पण आकाशगंगेचा मधला भाग तेव्हाच पहाटे वर येऊ लागतो, त्यामुळे उन्हाळा सोडवत नाही.

भिंतीवरचं कालनिर्णय काढा आणि वद्य दशमी ते शुद्ध चतुर्थी एवढे दिवस रंगवून ठेवा. दशमीचा चंद्र मध्यरात्र उलटल्यावर उगवतो, चतुर्थीचा नऊच्या सुमारास मावळतो, म्हणजे कामाचे तास दोन्हीकडे मिळतात. लक्ष्मीपूजनाची अमावास्या मात्र सोडून द्या. फटाक्यांचा धूर खेड्यांतही दोन दिवस हटत नाही.

जागा निवडताना नुसतं "शहरापासून लांब" एवढं पुरत नाही. शहर कोणत्या दिशेला राहील हे पाहावं लागतं. पेठ किंवा हरसूल बाजूला गेलात तर नाशिकचा उजेड पूर्वेकडून आग्नेयेपर्यंत पसरलेला दिसतो. हिवाळ्यात देवयानी, कृत्तिका, मृग डोक्यावर येऊन पश्चिमेला कलतात तेव्हा या जागा उत्तम. पण उन्हाळ्यातली आकाशगंगा उगवते आग्नेयेला, नेमकी त्या उजेडात. तिच्यासाठी सिन्नरच्या पुढे ठाणगाव-अकोले बाजूला किंवा भंडारदऱ्याकडे जा, म्हणजे शहर उत्तरेला, तुमच्या पाठीशी राहतं. ध्रुव त्या उजेडातही दिसतो, त्यामुळे अडत काही नाही. इगतपुरीच्या घाटमाथ्यावर नैऋत्येला मुंबईकडची फिकट लाली आडवी येते.

पहिल्या तीन रात्री मात्र कुठेही जाऊ नका. उत्तर बाजू मोकळी असलेली गच्ची शोधा. सिडकोत असा की गंगापूर रोडला, ध्रुव शहरातूनही दिसतो. उभारणी, जुळणी, फोकस हे सगळं गच्चीवर पाठ करा. रानातल्या थंडीत गारठलेल्या बोटांनी नवीन काही शिकता येत नाही. गच्चीवरून गुरूवर कॅमेरा रोखून एक-अर्ध्या सेकंदाचा फोटो घ्या. १३५ मिलिमीटरला गुरू नुसता ठिपका दिसेल, पण त्याच्या दोन्ही अंगांना एका ओळीत त्याचे चंद्र उमटतील. ज्या गुरूने सिंह राशीत पाऊल टाकलं की आपल्या गोदाकाठी सिंहस्थ भरतो, त्याचे चंद्र आपल्याच गच्चीवर आपल्याच कॅमेऱ्यात पाहिले तेव्हा मी खाली धावत जाऊन सासूबाईंना वर घेऊन आले होते.

जाण्याआधी

एकटी मी कधीही जात नाही. तुम्हीही जाऊ नका, मग बाई असा की बुवा. सिन्नर, निफाड, दिंडोरी, इगतपुरी सगळीकडे बिबट्याचा वावर आहे. उसाच्या कडेला बसू नका, अंधारात वाकून बसलेलं माणूस एकटं ठेवू नका, मध्ये मध्ये बोलत राहा, गाडी चार पावलांवर असू द्या. अंजनेरीसारख्या राखीव वनात रात्री शिरू नका. देवळाली-गांधीनगरच्या लष्करी भागात आणि धरणाच्या भिंतीवर कॅमेरा काढू नका. तारे दाखवायचा हिरवा लेझर तर घरीच ठेवा; ओझरला विमानतळ आहे आणि गांधीनगरहून हेलिकॉप्टरं उडतात.

ज्यांचं रान आहे त्यांना दिवसा भेटून सांगा. एकदा हरसूलच्या अलीकडे आम्ही मालकांना विचारलं होतं, पण शेजारच्या वावरात निरोप पोचला नव्हता. रात्री दहाला एक आजोबा काठी टेकत आले.

"ताई, मोजणी चाललीय का? रस्ता जानार का इथून?"

"नाही बाबा, मोजणी नाही. ताऱ्यांचे फोटो काढतोय. या, बघा."

कॅमेऱ्याच्या पडद्यावर कृत्तिकांचा पुंजका निळसर धुक्यासकट दिसत होता. ते बराच वेळ पाहत राहिले, मग वर बघून बोट दाखवत म्हणाले, "ह्याच ना त्या?" रस्त्यासाठी जमीन जाण्याची धास्ती घेऊन तो माणूस झोपेतून उठून आला होता. तेव्हापासून मी आजूबाजूच्या चार घरांत सांगितल्याशिवाय ट्रायपॉड उघडत नाही.

उभारणी आणि ध्रुवाची जुळणी

सूर्य मावळायच्या आत पोचा. उजेडात ट्रायपॉड उभा करा, पाय फार लांब न काढता बुटका ठेवा, पाणसळीचा बुडबुडा मध्यावर आणा. मोबाइलच्या होकायंत्राने उत्तर धरा, पण गाडीपासून आणि काउंटरवेटच्या (कॅमेऱ्याचा तोल साधायच्या वजनाच्या) लोखंडापासून चार हात लांब उभं राहून.

आता जी गोष्ट परदेशी व्हिडिओ पाहून शिकणाऱ्यांना हमखास अडते ती सांगते. ध्रुव क्षितिजापासून किती वर दिसणार, तर आपलं गाव जितक्या अक्षांशावर तितके अंश. नाशिक २० अंशांवर आहे. युरोपातल्या माणसाचा ट्रॅकर ५० अंशांना वर तोंड करून उभा असतो. आपला जवळजवळ आडवा झोपतो. याचे परिणाम तीन.

पहिला: उत्तरेला डोंगर किंवा आंब्याचं झाड असेल तर ध्रुव दिसतच नाही. हात लांब करून मूठ धरली की ती साधारण दहा अंश झाकते. क्षितिजावर दोन मुठी रचून बघा, त्यावरचं आकाश मोकळं पाहिजे. जागा पक्की करण्याआधीची ही तपासणी मी कधी चुकवत नाही.

दुसरा: पुस्तकात सप्तर्षी कायम ध्रुवाभोवती फिरताना दाखवलेले असतात. आपल्याकडे ते मावळतात. नोव्हेंबर-डिसेंबरच्या संध्याकाळी उत्तरेला सप्तर्षी शोधत बसाल तर सापडणार नाहीत. तेव्हा शर्मिष्ठा बघा. 'एम'च्या आकाराचे तिचे पाच तारे ध्रुवाच्या वरच्या अंगाला असतात, त्यांच्या खाली जो एकटा, मध्यम तेजाचा तारा दिसतो तो ध्रुव. ध्रुव आकाशात सगळ्यात तेजस्वी असतो ही समजूत मनातून काढून टाका, नाहीतर भलत्याच ताऱ्यावर जुळणी कराल.

तिसरा: काउंटरवेटची दांडी फिरताना खाली, किंचित उत्तरेकडे झुकते. ट्रायपॉडचा एक पाय उत्तरेला ठेवा असं बहुतेक ठिकाणी लिहिलेलं असतं, पण २० अंशांना वजन नेमकं त्याच पायावर आपटू शकतं. क्लच सैल करून हाताने एक पूर्ण फेरा फिरवून बघा. आपटत असेल तर ट्रायपॉड फिरवून दोन पायांमधली मोकळी बाजू उत्तरेला घ्या.

अक्षांशाचा आकडा एकदा २० वर बसवला की जिल्ह्यात फारसा हलवावा लागत नाही. १११ किलोमीटर उत्तर-दक्षिण गेलं तर कुठे एक अंश बदलतो.

अंधार पडला की ट्रॅकरच्या ध्रुवदुर्बिणीतून बघा. आत घड्याळासारखं वर्तुळ कोरलेलं असतं. ध्रुवतारा खऱ्या ध्रुवबिंदूवर नसतो, त्यापासून पाऊण अंशाहून थोडा कमी बाजूला असतो आणि रोज त्याच्याभोवती फेरी मारतो. आत्ता तो वर्तुळावर नेमका कुठे हवा, हे पोलर अलाइनमेंटचं कुठलंही मोफत अ‍ॅप दाखवतं. तारा तिथे आणताना फक्त उंचीचा आणि डाव्या-उजव्या बाजूचा स्क्रू फिरवायचा, ट्रायपॉडच्या पायाला हात लावायचा नाही. मग कॅमेरा, लेन्स, वजन चढवा, तोल साधा, आणि पुन्हा एकदा बघा. भार चढल्यावर तारा हमखास सरकलेला असतो.

किती अचूक हवं? जुळणी दहा कलांनी, म्हणजे चंद्राच्या एक तृतीयांश रुंदीने चुकली, तर तारा मिनिटाला जास्तीत जास्त अडीच विकला भरकटतो. १३५ मिलिमीटरला हे अर्ध्या पिक्सेलपेक्षा कमी, फोटोत कळणारही नाही. नुसता ध्रुवतारा मध्यभागी धरून अॅपबिप काही न बघता तीस सेकंदांची फ्रेम घेतली तरी तारा एका पिक्सेलच्या आत राहतो. हीच चूक ४०० मिलिमीटरच्या दुर्बिणीवर तिप्पट मोठी दिसते. दुर्बीण नंतर घ्या म्हणते ते यासाठी.

ट्रॅकर चालू करताना दोन गोष्टी तपासा: दिशेचं बटण उत्तर गोलार्धावर आहे ना, आणि वेग ताऱ्यांचाच आहे ना. चंद्राचा किंवा सूर्याचा वेग चुकून राहिला तर तासभर कारण शोधत बसाल.

फोकस

लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर विश्वास ठेवू नका. व्याध किंवा रोहिणीसारखा ठळक तारा लाइव्ह व्ह्यूमध्ये दहापट मोठा करा आणि कडं हळूहळू फिरवा. तारा लहान होत जातो, अगदी सुईच्या टोकाएवढा होतो, मग पुन्हा फुगतो. सगळ्यात लहान झाला तिथे परत या आणि कडं चिकटपट्टीने पक्कं करा. एफ २ ची लेन्स असेल तर एफ २.८ किंवा ४ वर आणा, कडेचे तारे नीटस येतात. बाहतिनोव्ह मास्क (लेन्ससमोर लावायची, फोकस दाखवणारी खाचांची जाळी) मिळाला तर काम सोपं होतं. रात्र गार होत जाईल तसा फोकस सरकतो, म्हणून दर तासाला पुन्हा बघा.

प्रत्यक्ष फोटो

पहिलं लक्ष्य म्हणून जानेवारीतलं मृग नक्षत्र घ्या. १३५ मिलिमीटरच्या चौकटीत साडेनऊ बाय सव्वासहा अंश आकाश मावतं, म्हणजे कमरेचे तीन तारे आणि खालचा तेजोमेघ एकत्र बसतात. मागच्या पडद्यावर काही दिसणार नाही. आयएसओ ६४०० ठेवून दहा सेकंदांच्या कच्च्या फ्रेम काढत चौकट जुळवा. मग आयएसओ ८०० किंवा १६००, एफ ४, एक मिनिट, फाइल रॉ, मॅन्युअल मोड, कॅमेऱ्यातलं नॉइज रिडक्शन बंद. हिस्टोग्रामचा (उजेडाच्या आलेखाचा) डोंगर डावीकडून पाव ते एक तृतीयांशाच्या मध्ये आला पाहिजे. अगदी डाव्या कडेला चिकटला असेल तर वेळ वाढवा. उजवीकडे सरकला असेल तर जागा फार उजेडाची आहे, वेळ कमी करा.

पहिली फ्रेम पूर्ण मोठी करून तारे गोल आहेत का बघा. मगच इंटर्व्हॅलोमीटरवर साठ फ्रेम लावा. एका फ्रेममध्ये फार काही दिसत नाही म्हणून हिरमुसू नका. फ्रेम चौपट केल्या की त्यातली रवाळ कुरकूर (नॉइज) निम्मी होते. साठ फ्रेम एकत्र केल्यावर ती जवळपास आठपट घटते. तेजोमेघाचा गाभा फार तेजस्वी असतो, तो जळू नये म्हणून पाच सेकंदांच्या वीस फ्रेम वेगळ्या घ्या.

आता दव. निफाडकडे डिसेंबर-जानेवारीत पारा पाच-सहा अंशांखाली उतरतो आणि पहाटे पानापानावर दव असतं. द्राक्षबागायतदाराला त्या दवात डावणी रोगाची धास्ती, आपल्याला भिंगाची. माझी सगळ्यात जिव्हारी लागलेली रात्र अशाच एका बागेच्या बांधावरची आहे. नव्वद फ्रेम घेतल्या, पडद्यावर एकदाही मोठ्या करून पाहिल्या नाहीत. घरी संगणकावर उघडल्या तेव्हा पहिल्या बावीस काचेसारख्या स्वच्छ, मग प्रत्येक ताऱ्याभोवती वलय, आणि चाळिसाव्या फ्रेमपासून नुसता दुधाळ पडदा. हीटर पट्टी पिशवीतच होती. "गरज पडली की लावू" म्हटलं होतं. दव दिसतं तेव्हा उशीर झालेला असतो. पट्टी पहिल्या फ्रेमपासून लावा, लेन्सचा हूड काढू नका आणि दर अर्ध्या तासाला लाल टॉर्च तिरपा धरून काच बघा. दव धरलंच तर पुसू नका, डाग पसरतात. पट्टीची ऊब वाढवून सुकू द्या. कडाक्याच्या थंडीत शेतकरी बाग वाचवायला शेकोट्या पेटवतात, त्यांचा धूर सखल भागात आडवा पसरतो. अशा रात्री उंचावरची जागा धरा.

आवरण्याआधी लेन्सला झाकण लावून त्याच आयएसओवर, तितक्याच वेळाच्या वीस फ्रेम घ्या. या डार्क फ्रेम त्याच थंडीत घ्यायच्या असतात, घरी येऊन नाही. नंतर फोकस न हलवता लेन्सवर धुतलेलं पांढरं सुती कापड ताणून पहाटेच्या उजेडाकडे रोखा आणि पंचवीस फ्लॅट फ्रेम काढा. कडेचा काळोख आणि सेन्सरवरच्या धुळीचे डाग यांनीच जातात. कॅमेरा थंडच असताना पिशवीत बंद करा आणि घरी पोचल्यावर तासभर उघडू नका, नाहीतर आत पाणी धरतं.

संगणकावर

सगळ्या फ्रेम एकावर एक रचून एक चित्र करायला (यालाच स्टॅक म्हणतात) सिरिल किंवा डीप स्काय स्टॅकर वापरा, दोन्ही मोफत आहेत. फ्रेम, डार्क, फ्लॅट वेगवेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा, फोल्डरच्या नावात तारीख, जागा आणि लेन्स लिहा. खराब फ्रेम डोळ्यांनी बघून आधीच काढून टाका. स्टॅक झालेलं चित्र काळं दिसेल. घाबरू नका, माहिती आत असते. शहराच्या उजेडाचा उतार ग्रॅक्सपर्ट या प्रोग्रॅमने काढा, मग हिस्टोग्राम थोडा थोडा, दोन-तीन वेळा ताणा. रंग वाढवायला हात शिवशिवतो, तिथे आवरा. आकाश काळंकुट्ट करू नका, गडद राखाडी राहू द्या, म्हणजे तेजोमेघाचे विरळ पदर टिकतात.

मृग जमलं की ऑक्टोबर-नोव्हेंबरात देवयानी दीर्घिका घ्या, हिवाळ्यात कृत्तिका. कृत्तिका आपल्याकडे जवळजवळ माथ्यावरून जातात, तेव्हा मान मोडते खरी, पण हवेचा थर सगळ्यात पातळ तिथेच असतो. आणि मेच्या मध्याची अमावास्या राखून ठेवा. रात्री साडेदहाच्या सुमारास ठीक दक्षिणेला, क्षितिजापासून बावीस अंशांवर, म्हणजे दोन मुठींच्या जरा वर, नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ असतो. लंडन-बर्लिनच्या हौशी लोकांना तो कधीच क्षितिजावर दिसत नाही. आपल्याला ठाणगावच्या माळावरून, शहराकडे पाठ करून, तीस सेकंदांच्या फ्रेममध्ये तो धुरकट गोळ्यासारखा स्पष्ट मिळतो. दक्षिणेला झाड नाही ना, एवढं मात्र दिवसा बघून ठेवा.